मल्चचा डोंगर आणि आपलं आळं

एप्रिल उजाडला की न्यू जर्सीत गल्लोगल्ली झाडांच्या बुंध्याशी मल्चचे डोंगर उभे राहतात. मल्च म्हणजे आपलं आच्छादन, फक्त उसाच्या पाचटाऐवजी लाकूड आणि सालींचा भुगा. ओल टिकते, तण कमी येतं, सगळं मान्य. पण तो खोडाला फूटभर थापायचा हे शहाणपण कुठलं? साल सतत ओली राहून कुजते. भुग्यातच नवी मुळं फुटतात आणि गोल फिरून खोडालाच आवळतात. हिवाळ्यात उंदीर आत शिरून साल कुरतडतात. झाड मरायला काही वर्षं जातात, म्हणून ढिगावर कुणी संशय घेत नाही. उलट दर वसंतात वर नवा थर!

कोकणात नारळाला आळं करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. इथं मेदूवडा डोळ्यांसमोर आणा: मध्ये खोड, भोवती तीन-चार इंच मोकळी जागा, मग मल्च. बुंधा जिथं रुंदावून मुळांना मिळतो, तो भाग उघडा दिसलाच पाहिजे.

थर दोन ते तीन इंच, जुना धरून. 20 बाय 5 फुटांच्या वाफ्याला तीन इंचांसाठी 25 घनफूट, म्हणजे दोन घनफुटांच्या 13 पिशव्या. जुना इंचभर उरला असेल तर 9 पुरतात; तो आधी दाताळ्यानं मोकळा करा, नाहीतर घट्ट पापुद्र्यावरून पाणी वाहून जातं. (माळ्याचे दर ऐकले की बागकामाची आवड आपोआप लागते, ते असो.)

खताचं मात्र इथल्यांचं कौतुक. 2011 च्या कायद्यानुसार 15 नोव्हेंबर ते 1 मार्च घरमालकानं हिरवळीला खत टाकायचं नाही. माती तपासून कमतरता दिसल्याशिवाय किंवा नवी हिरवळ लावत असल्याशिवाय फॉस्फरसही नाही. खताच्या पिशवीवरच्या तीन आकड्यांतला मधला, म्हणजे फॉस्फरसचा, शून्य हवा. वाहून गेलेलं खत पाण्यातलं तण पोसतं; पुण्यात मुळा-मुठेतली जलपर्णी पाहिलेल्यांना हे सांगायला नको. फरशीवर सांडलेले दाणे झाडून परत गवतात टाकायचे, पाण्यानं गटारात लोटायचे नाहीत.

क्रॅबग्रास हे हिरवळीतलं तण रोखणारं औषध माती दोन इंच खोल 55 अंश फॅरनहाइटला, म्हणजे 13 सेल्सिअसला, पोहोचायच्या आत पडायला हवं. फोर्सिथिया हे वसंतात फुलणारं झुडूप पिवळंधमक झालं की समजा वेळ आली. हे औषध गवताचं बीही रुजू देत नाही, त्यामुळे टक्कल पडलेल्या जागी पेरणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात.