बाँडपट ताडून बघायचे तर पाठलाग आवाज बंद करून बघा

बाँडचा विषय निघाला की चर्चा पहिल्याच मिनिटाला नटावर येते. कॉनरी मोठा की क्रेग, मूरला लोक उगाच नावं ठेवतात का, डाल्टनवर अन्याय झाला का. या वादाला अंत नाही आणि त्यातून सिनेमाबद्दल फारसं काही हाती लागतही नाही. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (1963) मधला कॉनरी आणि 'डायमंड्स आर फॉरेव्हर' (1971) मधला कॉनरी एकच, पण दोन सिनेमांत जमीन-अस्मानाचं अंतर. क्रेगच्या 'कॅसिनो रॉयाल' (2006) आणि 'क्वांटम ऑफ सोलेस' (2008) चंही तेच. 1962 ते 2021 या काळात इऑन कंपनीने 25 बाँडपट काढले आणि त्यांत बाँड झालेले नट फक्त सहा. तेव्हा नटावरून सिनेमाची प्रत ठरत नाही. ती ठरते संकलनाच्या टेबलावर, आणि संकलन सगळ्यात उघडं पडतं ते पाठलागात आणि हाणामारीत.

करायचं ते असं. सिनेमातला एकच पाठलाग निवडा, पाच-सहा मिनिटांचा. आवाज पूर्ण बंद करा. पहिल्या फेरीत मधेच कुठेही पॉज करा आणि बघा: बाँड कुठे आहे, शत्रू कुठे आहे, दोघांत अंतर किती, आणि सुटायची वाट कुठल्या बाजूला? उत्तर लगेच देता आलं तर प्रसंग नीट रचलेला आहे. दुसऱ्या फेरीत फक्त दिशा बघा. बाँड पडद्यावर डावीकडून उजवीकडे पळत असेल तर पुढच्या शॉटमध्येही तसाच पळतो का, आणि दिशा बदलली असेल तर मधलं वळण दाखवलंय का? तिसऱ्या फेरीत एक मिनिट घड्याळ लावून कट, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होण्याच्या जागा, मोजा, कागदावर रेघा मारत. कट जास्त म्हणजे सिनेमा वाईट, असं मात्र अजिबात नाही. कट कशावर पडतो ते बघायचं. ठोसा निघाला एका शॉटमध्ये आणि बसला दुसऱ्यात, तर बघणाऱ्याला मार लागल्यासारखं वाटतं. ठोसा हवेत असतानाच कॅमेरा तिसऱ्याच वस्तूवर गेला, तर तो कोणाला लागला हेच कळत नाही.

हे तंत्र बाँडपटांत आणलं ते पीटर हंट यांनी. 'डॉ. नो' पासून 'थंडरबॉल' पर्यंतचं संकलन त्यांच्या हातचं. तोवरच्या पद्धतीप्रमाणे माणूस खुर्चीतून उठणार, दारापर्यंत जाणार, दार उघडणार, मग बाहेर दिसणार. हंट मधलं सगळं काढून टाकायचे. हाणामारीत तर ते हालचालीच्या मधल्या थोड्या फ्रेम उडवायचे, म्हणजे हात नेहमीपेक्षा जास्त वेगाने आल्यासारखा वाटायचा.

'फ्रॉम रशिया विथ लव्ह' मधली ओरिएंट एक्स्प्रेसच्या डब्यातली मारामारी हा त्याचा सर्वोत्तम नमुना. कॉनरी आणि रॉबर्ट शॉ, दोघेही आडदांड, आणि जागा एका कूपेएवढी. दिवा फुटतो आणि डबा निळसर अंधारात जातो, पण खिडकी कुठे, दार कुठे, बर्थ कुठे हे आपल्याला आधीच पक्कं माहीत असतं, कारण त्याआधीचं लांबलचक बोलणं याच डब्यात झालेलं असतं. पार्श्वसंगीत नाही, फक्त गाडीची धडधड. आणि सुटकेची किल्लीही सिनेमाच्या सुरुवातीलाच हातात दिलेली. बाँडला मिळालेल्या ब्रीफकेसमध्ये सोन्याच्या 50 मोहरा, फेकायचा चाकू, घडीची रायफल आणि टाल्कम पावडरच्या डब्याच्या रूपात अश्रुधुराचं नळकांडं असतं. कड्या आडव्या फिरवून मग पेटी उघडायची. नेहमीसारखी उघडली तर नळकांडं फुटतं. डब्यात बाँड मोहरांचं आमिष दाखवतो, शॉ पेटी नेहमीसारखी उघडतो, आणि धूर. सगळी कारणं आधी पेरलेली असल्यामुळे ही मारामारी साठ वर्षांनीही जुनी वाटत नाही.

दोन वर्षांनी आलेल्या 'थंडरबॉल' मध्ये तोच नट, तोच दिग्दर्शक टेरेन्स यंग, तोच संकलक. तरी शेवटची पाण्याखालची लढाई रेंगाळते. तिथे दोष कात्रीचा नाही. पाण्यात माणूस संथच हलतो, चेहरे मुखवट्यांत झाकलेले, वर-खाली-डावं-उजवं सगळं सारखंच निळं. एका बाजूला नारिंगी पोशाख आणि दुसरीला काळे दिल्यामुळे निदान पक्ष तरी ओळखू येतात. विशेष दृश्यपरिणामांचं ऑस्कर या सिनेमाला मिळालं आणि ते योग्यच होतं, पण ताण जागेच्या जाणिवेतून येतो आणि समुद्राच्या पोटात ती जाणीवच हरवते.

हंट यांना स्वतः दिग्दर्शनाची संधी मिळाली ती 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' (1969) साठी. लेझनबीचा एकुलता एक बाँडपट म्हणून लोक त्याला बाजूला टाकतात. माझ्या मते पाठलागाच्या बाबतीत ही मालिका याच्या फार पुढे कधी गेलीच नाही. खलनायकाचा अड्डा 2970 मीटर उंचीच्या शिल्टहॉर्न शिखरावर, फिरत्या उपाहारगृहात. ते तेव्हा पूर्ण झालेलं नव्हतं. बाँड रात्री स्कीवर निघतो तेव्हा दिशा एकच: खाली. उतार असल्यामुळे कोण पुढे, कोण मागे हे सांगावंच लागत नाही. एक स्की निसटते आणि तो उरलेल्या एका स्कीवर जात राहतो, म्हणजे अडचण प्रसंगातूनच उगवते, बाहेरून आणून चिकटवलेली नाही. हे टिपायला विली बोग्नर हातात कॅमेरा घेऊन उलट्या दिशेने, पाठमोरा स्कीइंग करत होता. आकाशातले शॉट हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या जॉनी जॉर्डनचे. आधीच्या बाँडपटाच्या चित्रीकरणात त्याने पाय गमावला होता आणि तरी तो पुन्हा लटकला. खटकतात ते लेझनबीचे जवळचे शॉट: मागे पडद्यावर बर्फ सरकतोय आणि पुढे नट जागच्या जागी डुलतोय हे स्पष्ट दिसतं. नटाचा चेहरा दाखवायच्या हट्टापायी चांगला पाठलाग किती मार खातो ते इथे बघून घ्यावं.

दिशेची चूक कशी दिसते त्यासाठी 'डायमंड्स आर फॉरेव्हर' मधली मस्टँग बघा. गाडी दोन चाकांवर तिरकी होऊन अरुंद बोळात शिरते ती उजव्या चाकांवर, आणि बाहेर पडते डाव्या चाकांवर. शिरतानाचं आणि निघतानाचं चित्रीकरण वेगवेगळ्या ठिकाणी झालं होतं आणि बाजू जुळली नाही. मग गाडीच्या आत बाँड आणि त्याच्यासोबतची टिफनी एका बाजूने दुसऱ्या बाजूला कलतात असा एक शॉट मधे घुसवला. बोळात गाडी कूस कशी बदलेल, हा प्रश्न त्याने सुटत नाही, उलट चुकीकडे बोट दाखवल्यासारखं होतं. संकलकाला पुरेसा माल मिळाला नाही की अशी ठिगळं लागतात.

आवाजाने घात केल्याचं उदाहरण 'द मॅन विथ द गोल्डन गन' (1974) मध्ये आहे. थायलंडमधल्या कालव्यावरून एएमसी हॉर्नेट गाडी हवेत पूर्ण गिरकी घेऊन पलीकडे चारही चाकांवर उतरते. त्यासाठी संगणकावर गणित मांडलं होतं, वजनाचा तोल साधायला स्टिअरिंग गाडीच्या मधोमध बसवलं होतं, आणि ती उडी एकाच टेकमध्ये जमली. आणि त्या उडीवर टाकला काय, तर विनोदी शिट्टीचा आवाज! जीव धोक्यात घालून केलेली करामत सर्कशीतला खेळ होऊन बसते. म्हणूनच आवाज बंद करून बघायचं म्हणतो. हा प्रसंग मुका बघितला तर श्वास अडकतो.

तीन वर्षांनी 'द स्पाय हू लव्ह्ड मी' (1977) ने नेमकं उलट केलं. रिक सिल्व्हेस्टर कॅनडातल्या बॅफिन बेटावरच्या माउंट असगार्डच्या कड्यावरून स्कीसकट उडी घेतो, संगीत थांबतं, आणि तो कितीतरी वेळ नुसता पडत राहतो. लावलेल्या कॅमेऱ्यांपैकी एकालाच ती उडी नीट सापडली, म्हणून शॉट सलग आहे. पण सलग ठेवायचा हा निर्णय कोणीतरी घेतलाच ना! ही उडी टिपणाऱ्या तुकडीचे दिग्दर्शक आणि सिनेमाचे संकलक जॉन ग्लेन. 1969 च्या बाँडपटाचं संकलनही त्यांचंच. पुढे 1981 ते 1989 मधले पाचही बाँडपट त्यांनी दिग्दर्शित केले. हंट ते ग्लेन ही साखळी लक्षात घेतली तर मूर-डाल्टनच्या काळात कथा ढिसाळ असूनही पाठलाग सुबक का, याचा उलगडा होतो.

'ऑक्टोपसी' (1983) आपल्याकडे उदयपूर, कबीर बेदी आणि विजय अमृतराज यांच्यासाठी आठवतो. त्यातला रिक्षाचा पाठलाग हलकाफुलका आहे, आणि निखाऱ्यांवरून चालणारा माणूस, तलवार गिळणारा माणूस अशी परदेशी पाहुण्यांना दाखवायची जत्रा त्यात भरलीय, ती मला आवडत नाही. पण त्याच सिनेमातली जर्मनीतल्या आगगाडीवरची धावपळ काटेकोर आहे: गाडीची दिशा ठरलेली, डब्यांचा क्रम ठरलेला, बाँड कुठल्या डब्याला लटकलाय ते कायम कळतं. हा प्रसंग इंग्लंडमधल्या नेने व्हॅली रेल्वेवर चित्रित झाला आणि त्यात मूरचा स्टंटमन मार्टिन ग्रेस गंभीर जखमी झाला. 'लायसन्स टू किल' (1989) मधला मेक्सिकोच्या घाटातला टँकरचा शेवट तर ग्लेन यांचं सगळ्यात चांगलं काम. वळणावळणाचा उतार, इंधनाने भरलेले टँकर, एकामागून एक कमी होत जाणारे. किती उरले ते बघणारा मोजू शकतो, आणि मोजता येतं म्हणूनच ताण वाढत जातो.

'गोल्डनआय' (1995) मध्ये संगीताची बाजू बघण्यासारखी आहे. संगीतकार एरिक सेरा यांचं सेंट पीटर्सबर्गच्या रणगाडा-पाठलागासाठीचं संगीत बाजूला ठेवून तिथे जॉन ऑल्टमन यांच्याकडून बाँडच्या मूळ धूनवर बेतलेलं नवं करून घेतलं. हा प्रसंग आधी मुका बघा, मग आवाजासकट. रणगाडा मुळात जड आणि संथ, त्याला वेग आणला तो त्या धूनने. 'डाय अनदर डे' (2002) मधल्या लाटेवरच्या संगणकीय कसरतीला मात्र कुठलंच संगीत वाचवू शकत नाही. आकृतीला वजन नाही, मग धोका कसला वाटणार?

आता खरी जोडी: 'कॅसिनो रॉयाल' आणि 'क्वांटम'. नट एक, संगीतकार डेव्हिड अर्नोल्ड एक, कथाही एकाला जोडून दुसरी. पहिल्याची लांबी 144 मिनिटं, दुसऱ्याची 106, म्हणजे मालिकेतली सगळ्यात कमी. पहिल्यात सेबास्तियाँ फुकाँचा पाठलाग बघा. तो भिंतीच्या वरच्या चिंचोळ्या फटीतून अलगद पार होतो, मागून बाँड सरळ भिंत फोडून येतो. एका शॉटमध्ये दोघांचे स्वभाव सांगून झाले. क्रेनवर चढताना कॅमेरा मुद्दाम लांब जातो, खाली जमीन किती दूर आहे ते दाखवतो आणि मगच जवळ येतो. नंतर ॲस्टन मार्टिन उलटते तेही असंच. गाडीचा गुरुत्वमध्य इतका खाली की नुसत्या रॅम्पवरून ती उलटेना, म्हणून आत दाबाच्या वायूची तोफ बसवून ती जमिनीवर झाडली आणि गाडी सात कोलांट्या खाऊन विक्रम झाला. पडद्यावर क्रम कसा? रस्त्यात बांधलेली बाँडची प्रेयसी व्हेस्पर, बाँडची नजर, स्टिअरिंगचा हिसका, मग कोलांट्या. कारण आधी, परिणाम मागून.

'क्वांटम' ची सुरुवात गार्डा सरोवराकाठच्या रस्त्यावर होते. बाँडची गाडी गडद रंगाची, मागे लागलेल्या आल्फा रोमिओ काळ्या, वर बोगद्याचा अंधार. लांबचे शॉट अगदी थोडे, जवळचे मात्र ढीगभर: चाक, गिअर, डोळे, काच. कुठेही पॉज करा, कोण कोणाच्या पुढे आहे ते सांगता येत नाही. पुढे सिएनाच्या पाठलागात घोड्यांची शर्यत मधे मधे कापून टाकलीय, ती कल्पना कागदावर चांगली, पण आधीच विस्कळीत असलेल्या प्रसंगाला आणखी एक फाटा फुटतो. हॉलिवूडच्या लेखकांच्या संपामुळे पटकथा अर्धवट असताना चित्रीकरण सुरू झालं हे खरं, पण लेखकांच्या नसण्याने कथा पातळ होते, रस्त्यावरच्या दिशा हरवत नाहीत. त्याच सिनेमात ब्रेगेन्झच्या ऑपेरातला प्रसंग आहे. रंगमंच, प्रेक्षागृह, मागची स्वयंपाकघराची वाट, सगळं आधी दाखवतात, आणि मग गोळीबाराचा आवाजच काढून घेतात. म्हणजे जमत नव्हतं असं नाही.

'स्कायफॉल' (2012) चा सुरुवातीचा आगगाडीचा प्रसंग भारतात, कोकण रेल्वेच्या मार्गावर करायचा विचार होता. परवानग्यांच्या घोळात तो तुर्कस्तानला गेला. प्रसंग उत्तमच आहे, पण त्याहून शिकण्यासारखी आहे ती शांघायच्या इमारतीतली मारामारी. छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांनी ती जवळजवळ एकाच शॉटमध्ये, निऑनच्या उजेडापुढे दोन काळ्या आकृत्या अशी टिपलीय, आणि कॅमेरा हळूहळू पुढे सरकत राहतो. चेहरे दिसत नाहीत, तरी कोण कोणावर भारी पडतोय ते प्रत्येक क्षणी कळतं. तेच दिग्दर्शक सॅम मेंडेस 'स्पेक्टर' (2015) मध्ये रोमच्या रिकाम्या रस्त्यांवर दोन महागड्या गाड्या पळवतात आणि काहीच घडत नाही, कारण वाटेत अडथळाच नाही. 'नो टाइम टू डाय' (2021) मधला जिन्यावरचा लांब शॉट पुन्हा जुन्या शहाणपणाकडे येतो: जिना वर जातो, बाँड वर जातो, दमत जातो.

एका शनिवार-रविवारात हे करून बघायचं असेल तर सगळे 25 लावायची गरज नाही. पहिल्या रात्री 1963 ची डब्यातली मारामारी आणि लगेच 2012 ची शांघायची. दुसऱ्या दिवशी 1969 चा स्कीचा पाठलाग आणि त्यानंतर 2008 चा गार्डाचा, दोन्ही मुके. मोबाइलवर बघू नका. लांबच्या शॉटमधली माणसं मुंगीएवढी होतात आणि मग जवळच्या शॉटांनी भरलेला सिनेमाच चांगला वाटायला लागतो.