एका ‘ए’पायी सात आठवडे

बाबांचं नाव दत्तात्रय. पासपोर्टवर इंग्रजीत शेवटी ‘ए’ नाही. दहावी-बारावीच्या मार्कशीटवरही नाही. पण २०१९ च्या, म्हणजे माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मार्कशीटवर तो कोणीतरी टाइप केलाय, आणि त्या एका अक्षराने माझे सात आठवडे खाल्ले. जर्मनीला मास्टर्ससाठी जायची तयारी करणाऱ्या पुण्यातल्या चित्रकार मंडळींसाठी लिहितेय, म्हणजे निदान तुमचे तरी वाचतील.

का जायचंय, हे आधी सांगते. मी चारकोलमध्ये म्हाताऱ्या बायकांची शरीरं काढते. सुरुवात आजीपासून झाली. वाड्यातल्या न्हाणीघरात तिची पाठ चोळून देताना मला ती पाठ पहिल्यांदा नीट दिसली, मणके, लुगड्याच्या गाठीचा कमरेवर कायमचा पडलेला वळ, सगळं. तिला विचारलं, काढू का? तर म्हणाली, माझ्या पाठीत बघण्यासारखं काय आहे गं, आणि मग तीन रविवार चौरंगावर बसली माझ्यासमोर. मागच्या वर्षी ग्रुप शो होता, त्यात बारा चित्रं लावली आणि उद्घाटनाच्या तासभर आधी सांगण्यात आलं की फॅमिली पब्लिक येतं, ही तीन उतरवा. त्यातलं एक आजीचं होतं. मी उतरवली, भांडले नाही, आणि ते मला अजून टोचतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी या चित्रकारांची कस्टम्सने अडवलेली सात चित्रं सोडायला लावली ती बातमी मी आईला मोठ्याने वाचून दाखवली होती. प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसतं असं कोर्टाने म्हटलं. पण पदमसींवर १९५४ मध्येही अश्लीलतेची केस झाली होती आणि तेव्हाही ते सुटले होते, म्हणजे सत्तर वर्षं झाली आणि आपण परत तेच सिद्ध करत बसलोय. जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेत कलमच आहे, पाचव्यातला तिसरा भाग, कला स्वतंत्र आहे म्हणून. आपल्याकडे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम १९(१)(अ) आहे, पण लगेच खाली १९(२) मधली बंधनं. कोर्टात गेलं तर आपल्याकडेही न्याय मिळतो हे मला मान्य आहे, पण प्रत्येक शोच्या आधी कोर्टात कोण जाणार?

असो. पोर्टफोलिओ (तिकडे माप्पं म्हणतात) पाठवला, मुलाखत झाली, ॲडमिशन मिळाली, ते सगळं सरळ झालं. अडकलं ते कागदात. नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना व्हिसाआधी एपीएसचं, म्हणजे आपली मार्कशीटं-डिग्री तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, सर्टिफिकेट लागतं, फी १८,००० रुपये, परत मिळत नाही. त्यामुळे पैसे भरायच्या आधी सगळी मार्कशीटं एका ओळीत टेबलावर मांडली आणि तेव्हा तो ‘ए’ दिसला.

कॉलेजच्या परीक्षा विभागाची खिडकी, अकरा ते एक. पहिल्या दिवशी उत्तर, हे आमच्याकडे नाही, वरच्या ऑफिसला जा. वरच्या ऑफिसला म्हणे कॉलेजचं पत्र आणा. कॉलेजात पत्रावर सही करणारे साहेब रजेवर. ते आले तेव्हा म्हणाले, नाव बदललंय ना, मग गॅझेट करा. मी सांगतेय की सर नाव बदललेलं नाहीये, तुमच्याकडून टाइप चुकलंय, तर ते कागद परत माझ्याकडे सरकवून पुढच्याला बोलवतात. नऊ चकरा झाल्या. कोथरूडहून पेठेत गाडी घेऊन यायचं, पार्किंग शोधायचं, आणि बारा पन्नासला खिडकी बंद. एकदा जिन्यात बसून रडले. स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं, नोटरी केली, तेही म्हणे चालणार नाही.

सुटलं कसं, तर रेकॉर्ड रूमच्या काकांनी विचारलं, ताई, तुम्ही परीक्षेच्या फॉर्मवर काय लिहिलं होतं? कोणीच हे विचारलं नव्हतं! आमच्या वेळी फॉर्म हाताने भरायचे. काकांनी लाल फडक्यातला गठ्ठा काढला, सुतळी सोडली, आणि अर्ध्या तासाने माझा फॉर्म हातात. निळं पेन, माझंच अक्षर, फोटोला गंजलेली टाचणी, आणि दत्तात्रयच्या शेवटी ‘ए’ नाही. त्याची झेरॉक्स जोडल्यावर अर्ज ‘नावात बदल’मधून ‘टंकनदोष दुरुस्ती’मध्ये गेला आणि अकराव्या दिवशी नवीन मार्कशीट आलं. काकांना पेढे दिले. त्यांनी ते खिडकीवरच्या सगळ्यांना वाटले.

म्हणून, परीक्षेचा फॉर्म भरला की त्याचा फोटो काढून ठेवा, आणि अर्जात ‘बदल’ हा शब्द कुठेही लिहू नका. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट, मी पहिल्या तीन वेळा घेतली नाही.

हां, पैशांचं राहिलं. ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे तिकडच्या खर्चासाठी आधीच पैसे भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, महिन्याला ९९२ मिळतात, म्हणजे दहा लाखांच्या वर. बाबांनी एफडी मोडली. ती मोडायला आणि पैसे तिकडे पोचायला वेळ लागतो, ते आधी सुरू करा. बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकत असाल तर बी-वनच्या (मधल्या पातळीच्या) परीक्षेची तारीखही लवकर धरा.

आता एपीएस हातात आहे, व्हिसाची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात मुंबईला. आणि जायचं का, हे अजून पूर्ण ठरलेलं नाही. तिकडे चित्र कोणी उतरवायला लावणार नाही बहुतेक, पण माझ्यासमोर चौरंगावर कोण बसणार? आजी ८४ ची आहे. या रविवारी तिचे हात काढतेय, बांगड्या काढून ठेवायला ती तयार नाही, म्हणून बांगड्यांसकट.