जुलैचे पैसे दिवाळीत

आमच्या पतसंस्थेत सोनेतारणाचा काउंटर बरीच वर्षं माझ्याकडे आहे. या खिडकीत बसलं की महिना कुठला चाललाय ते कॅलेंडर न बघता कळतं. लग्नसराईच्या तोंडावर लोक दागिने सोडवायला येतात आणि जून सरता सरता ठेवायला येतात. जुलैत रांगेतल्या बाईच्या पिशवीत डबी असते आणि डबीबरोबर प्लास्टिकच्या फायलीत बारावीची गुणपत्रिका. गुणपत्रिका आम्हाला लागत नाही, तरी ती दाखवते. "पीसीएमला अठ्ठ्याऐंशी टक्के पडलं बघा, वैनी." सराफ कसोटीवर पाटली घासत असतो तेव्हा ती मार्कांबद्दलच बोलत राहते. तिकडं बघत नाही.

इतकी वर्षं हे बघून माझं एक मत झालंय. आपल्या कोल्हापूर भागात पोरांच्या शिक्षणापुरता पैसा बहुतेक घरांत कुठल्या ना कुठल्या रूपात असतो, फक्त फीच्या तारखेला तो हातात नसतो. ऊस तुटतो नोव्हेंबर ते मार्च. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत द्यायची असा कायदा आहे. ती आली की सेवा सोसायटीचं पीककर्ज आधी कापून जातं आणि उरलेल्यावर पाऊस सुरू होईपर्यंत निभावायचं. गोकुळचं दूधबिल दर दहा दिवसांनी येतं, पण ते किराण्यात आणि पेंडीत जिरतं. डोळ्यांत भरेल असा दूधफरक, म्हणजे वर्षभराच्या दूधदरातला फरक, येतो दिवाळीच्या आधी. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या कामगारांचा बोनसही दिवाळीलाच. आणि इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडची, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीची, यादी लागते जुलै-ऑगस्टात. यादीत नाव आलं की कागदपत्रं आणि पैसे घेऊन कॉलेजात हजर व्हायला मोजके दिवस. मधले तीन महिने आमच्या काउंटरवर येऊन पडतात.

यंदा आमच्याच घरातली पोरगी त्या यादीत होती, त्यामुळं हे सगळं खिडकीच्या दुसऱ्या बाजूनं बघितलं.

पुण्याचं एक खासगी विनाअनुदानित कॉलेज मिळालं. फी अशी: शिक्षण शुल्क एक लाख, विकास शुल्क बारा हजार, शिवाय अनामत पाच हजार. आता मुलींना फी माफ आहे असं सगळेच सांगतात आणि ते बऱ्यापैकी खरं आहे. शासनाने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून गेलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के शासन भरतं. आधी ते निम्मं होतं. पण यात विकास शुल्क धरलेलं नाही, वसतिगृह नाही, मेस नाही. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला तर हे लागूच नाही, आणि नेमकं हेच ऐनवेळी एजंट सांगत नाही.

मुलीकडून आधी फी घेऊ नका असं कॉलेजांना सांगितलेलं आहे. आमच्या कॉलेजच्या खिडकीवरच्या माणसानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, निम्मी फी आत्ता भरा. महाडीबीटीचे आले की तुम्हाला परत." महाडीबीटी म्हणजे शासनाचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. म्हणजे आत्ता पन्नास, बारा आणि पाच, सदुसष्ट हजार. आमच्या यांनी वाद घालायला तोंड उघडलं होतं, मी हात दाबला. जागा सोडून भांडायची ती वेळ नव्हती. अर्ज लिहून पोच तेवढी घेतली. ती फायलीत आहे.

मग राहण्याचं. पुण्यात आता खोली कुणी विचारत नाही, कॉट बेसिस विचारतात. एका खोलीत तीन कॉट, एका कॉटला महिना साडेचार हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट, मेस साडेतीन हजार वेगळी. हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आबा, म्हणजे माझे सासरे, जेवत होते. "एका खाटंला साडेचार हजार? खोलीला न्हवं?" त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. आबा राधानगरी तालुक्यातल्या गावातून शिकायला कोल्हापुरात आले ते दसरा चौकाजवळच्या एका बोर्डिंगात राहिले. गावाहून एसटीनं डबा यायचा, पत्र्याचा, कडीला नाव लिहिलेला. "डब्याचं भाडं सोडलं तर आमास्नी कोल्हापूर फुकटात पडलं," असं ते अजून म्हणतात. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग उभं राहायला हात दिला. पुढं एकेका समाजाची वसतिगृहं निघत गेली, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. शिकायचं म्हणजे फीपेक्षा राहण्या-जेवण्याचा प्रश्न मोठा, हे त्यांनी तेव्हा ओळखलं होतं. आज कोल्हापुरात राहून शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्या पोराला कमवा आणि शिका तरी आहे. पुण्याला पाठवलेल्या पोरीचा निम्म्याहून जास्त खर्च खाटेचा आणि भाकरीचा, आणि त्याला माफी नाही.

डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, मुख्यतः अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी. जमीन आबांच्या नावावर, आणि हे फौंड्रीत नोकरीला. आम्ही दोन्हीत बसत नाही. तुम्ही बसत असाल तर महाडीबीटीवर तो अर्ज वेगळा भरावा लागतो, फीमाफीच्या अर्जात तो आपोआप धरला जात नाही. आमच्याकडं येणाऱ्या कितीतरी बायकांना हे ठाऊक नसतं.

तर दहा-बारा दिवसांत लागणारे पैसे असे: कॉलेज सदुसष्ट हजार, कॉटचं डिपॉझिट नऊ, पहिला महिना कॉट-मेस मिळून आठ, लॅपटॉप बावन्न. गादी, बादली, कुलूप, कुकर हे धरलेलंच नाही. कुकर मेस असताना कशाला म्हणून मी नको म्हटलं होतं, आत्यांनी आणून दिलाच.

सुकन्या समृद्धीची योजना २०१५ मध्ये आली तेव्हा पोरगी आठ वर्षांची होती. पोस्टात खातं काढून महिन्याला हजार टाकत आलो. त्यात व्याजासकट पावणेदोन लाखांच्या वर झाले होते. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकेतून निम्म्यापर्यंत काढता येतात, एकदम किंवा वर्षाला एक असे जास्तीत जास्त पाच हप्ते करून. पण प्रत्यक्ष जेवढी फी आणि इतर आकार असतील तेवढेच, आणि प्रवेशाचं पत्र किंवा कॉलेजची फी स्लिप जोडावी लागते. इथं लोक गोंधळतात. कॉलेज म्हणतं पैसे भरा मग पावती, पोस्टाला आधी कागद हवा. पावती लागत नाही, भरायच्या रकमेची स्लिप चालते. ती कॉलेजकडं मागायची, लाजायचं नाही. आमचे सदुसष्ट हजार तिथून गेले.

भिशी आमच्या गल्लीतल्या बायकांची. माझा नंबर खरं तर मार्चला होता. शेजारच्या काकूंनी त्यांची जुलैची उचल मला दिली आणि माझी मार्चची त्यांनी घेतली, एक रुपया न लावता. बँकेत याला काय म्हणतील कुणास ठाऊक, पण कोल्हापुरात निम्मी पोरं अशा अदलाबदलीवर शिकली आहेत. कॉट आणि मेस त्यात बसली.

राहिला लॅपटॉप. त्याला माझ्या पाटल्या ठेवल्या, आमच्याच संस्थेत, माझ्याच काउंटरला. त्या दिवशी खुर्चीत शेजारच्या सहकाऱ्याला बसवलं आणि मी रांगेत उभी राहिले. तो म्हणाला, "ताई, भाव एवढा चढलाय, लाखभर सहज बसतील, घेऊन ठेवा की." हे वाक्य मी स्वतः किती जणांना म्हटलं असेन. २०२५ मध्ये तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेला आणि त्याच पाटल्यांवर आधीपेक्षा कितीतरी जास्त उचल मिळायला लागली. लोकांना वाटतं पैसा वाढला. वाढतं ते कर्ज. दिवाळीला बोनस मात्र भावाबरोबर वाढत नाही, मग नुसतं व्याज भरून नवं-जुनं करायचं. काही डब्या आमच्या तिजोरीत पोरगं डिग्री घेऊन नोकरीला लागलं तरी तशाच आहेत.

म्हणून मी बावन्नच उचलले. माझा हिशेब असा की ज्या पैशाला तारीख आहे त्याच्यासाठी सोनं ठेवावं. यांचा बोनस ठरलेला, त्यातून सुटणार हे माहीत होतं, आणि धनत्रयोदशीच्या आधी सुटल्या. ज्या पैशाला तारीख नाही, त्याच्यासाठी शैक्षणिक कर्ज. शिष्यवृत्तीला तारीख नाही. शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, पालक सहकर्जदार लागतो. शिक्षण संपून साधारण वर्षभरानं हप्ते सुरू होतात आणि तोवर सरळव्याज चढतं. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाला तेवढ्या काळाचं व्याज केंद्र सरकार भरतं, तो दाखला अर्जाबरोबरच द्यावा. आम्ही त्याच्या वर जातो. तरी तीन लाख मंजूर करून ठेवलेत, लागेल तसे उचलायचे. मॅनेजर साहेबांनी आधी एक विमा पॉलिसी पुढं सरकवली. ती मी परत त्यांच्याकडं सरकवली. कॉटच्या भाड्यासाठी मात्र कर्ज चालेना, कारण घरमालक पावती देईना. पावती हवी तर भाडं वाढेल म्हणाला.

महाडीबीटीचा अर्ज अजून कॉलेजच्या लॉगिनला आहे. "आई, मी रोज बघतो, तू नको विचारू," असं पोरगी फोनवर सांगते. मी विचारते. ये-जा एसटीनं, बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळं आम्ही मायलेकी मिळून एका तिकिटात जातो आणि यांचं एकट्याचं पूर्ण पडतं. त्यामुळं हे क्वचितच येतात.

ज्यांच्या घरात यंदा बारावी आहे त्यांनी उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि लागत असेल तर नॉन-क्रिमीलेअर हे आत्ताच बघावं. जूनमध्ये सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. आणि पोरीच्या नावाचं बँकेत खातं काढून त्याला आधार जोडून घ्या. आमच्या पतसंस्थेतलं खातं शिष्यवृत्तीला चालत नाही, पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, हे मी काउंटरवर बसून सांगते तेव्हा लोकांना राग येतो. बापाचं खातंही चालत नाही.