साबूसाठी घेतलेले ब्रश

साबू घरी आला तेव्हा दोन महिन्यांचा होता, इंडियन स्पिट्झ, म्हणजे आपल्याकडे सगळे सरसकट पॉमेरियन म्हणतात तोच कुत्रा, पांढराशुभ्र. दुसऱ्याच दिवशी मी स्लिकर ब्रश आणला कारण दुकानात सांगितलं की लांब केसाला हाच लागतो. स्लिकर म्हणजे चौकोनी पॅडवर बारीक वाकवलेल्या तारा असतात ना, तो. संध्याकाळी चार-पाच हात फिरवले तोच साबू कळवळून सोफ्याखाली गेला. पोटाकडचे केस बाजूला करून बघितलं तर कातडीवर लाल रेघोट्या. मला रात्री झोपच लागली नाही.

ब्रश वाईट नाहीये. पण पिल्लाची कातडी पातळ असते आणि केस मऊ, विरळ, त्यामुळे तारा सरळ कातडीला लागतात, त्यात मी जोर लावलेला. आता कुठलाही ब्रश घ्यायच्या आधी मी तो स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघते. तुम्हाला टोचला तर त्याला टोचणारच.

मग मऊ दातांचा साधा ब्रिसल ब्रश आणला. त्याने गुंता वगैरे काही निघत नाही, पण सुरुवातीला ते कामच नसतं, सवय लावायची असते. रोज दोन मिनिटं, पाठीवरून सुरू करून हळूहळू पंजे, कान, शेपटी, आणि हातात चण्याएवढा पनीरचा तुकडा. तो कंटाळायच्या आत थांबायचं, हे फार महत्त्वाचं.

खरं काम करतो तो स्टीलचा कंगवा, अर्धे दात रुंद अर्धे बारीक. वरून ब्रश केल्यावर कुत्रा छान फुललेला दिसतो पण कानामागे आणि पुढच्या पायांच्या काखेत कातडीलगत गाठी तशाच राहतात, कंगवा अडकला की कळतं. अशी गाठ आई लहानपणी माझे केस सोडवायची तशीच सोडवायची, मुळाशी चिमटीत धरून टोकाकडून थोडं थोडं, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. आणि हे आंघोळीच्या आधी करा, गाठीला पाणी लागलं की ती आणखी घट्ट होते. पावसाळ्यात तर कंगवा हवाच, केस उलटे करत गेलं की गोचिड दिसते, बोटांच्या बेचक्यातही बघा.

लॅब किंवा आपला गावठी कुत्रा असेल, आखूड केसांचा, तर रबरी ब्रश पुरे. सुटलेले केस ओढून काढणारं ते ब्लेडवालं टूल मात्र पिल्लाला नकोच, जोरात वापरलं तर वरचे चांगले केसही तुटतात.

साबू आता पाच महिन्यांचा आहे, पिल्लाचे केस झडून नवे यायला लागलेत, चादरीवर रोज पांढरा कापूस. स्लिकर अजून कपाटात आहे, अंगावर दाट केस आले की परत बाहेर काढून हलक्या हाताने वापरेन. काल कानामागे कंगवा अडकला तेव्हा त्याने फक्त मान वळवून माझा हात चाटला आणि परत पसरला.