सेक्रेटेरियट : ३१ लेंग्थ विसरा, घड्याळ बघा

बेलमाँट स्टेक्स या अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीचा, ९ जून १९७३ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. शेवटच्या सरळ पट्ट्यात जॉकी रॉन टरकॉट मान डावीकडे वळवून काहीतरी बघतोय. मागून कुणी येतंय का हे तो पाहतोय, असं पहिल्यांदा फोटो बघणाऱ्याला वाटतं. मागे कुणी नव्हतंच. ट्रॅकच्या आतल्या मैदानात वेळेचा फलक होता, त्याच्याकडे त्याची नजर होती. शर्यत केव्हाच जिंकून झाली होती, प्रश्न फक्त विक्रमाचा उरला होता.

सेक्रेटेरियट त्या दिवशी ३१ लेंग्थनी जिंकला, आणि या घोड्याचं नाव निघालं की हाच आकडा पुढे येतो. आकडा खरा आहे, पण फसवा आहे. लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी. तिने मोजतात ते दोन घोड्यांमधलं अंतर, आणि त्यात मागच्याचाही वाटा असतो. मागचे दमले, त्यांच्या जॉकींनी आशा सोडली, की अंतर आपोआप वाढतं. त्या शर्यतीत घोडे पाचच होते. त्यातला एकमेव खरा प्रतिस्पर्धी शॅम हा पहिला अर्धा मैल सेक्रेटेरियटच्या खांद्याला खांदा लावून पळाला, तिथेच संपला आणि शेवटी पाचवा आला. म्हणून अंतर बाजूला ठेवायचं आणि पाव-पाव मैलाच्या वेळा बघायच्या.

हिशेब सोपा आहे. आठ फर्लांगांचा एक मैल, म्हणजे दोन फर्लांगांचा पाव मैल. अमेरिकन मातीच्या ट्रॅकवर फर्लांगाला १२ सेकंद ही चांगली चाल समजली जाते. थोडा वेळ १२ ची चाल बरेच घोडे धरतात, पण ती टिकवणं कठीण. मैलाच्या पुढे फर्लांगाला १२.५, मग १३ सेकंद लागायला लागतात, कारण स्नायूंना लागणारा ऑक्सिजन पुरेनासा होतो. १९७३ ची बेलमाँट दीड मैलाची होती, म्हणजे १२ फर्लांग. बारा बारे १४४ सेकंद. सेक्रेटेरियटची वेळ होती २ मिनिटं २४ सेकंद. बरोबर १४४.

पण त्याआधी केंटकी डर्बी बघू, कारण ती शर्यत घड्याळात उलटी दिसते. ५ मे १९७३, चर्चिल डाउन्स, सव्वा मैल. सेक्रेटेरियटचे पाच पाव मैल असे : २५.२, २४.०, २३.८, २३.४ आणि २३.० सेकंद. (तेव्हा वेळ सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंतच मोजत, म्हणून दशांशात सगळे आकडे सम दिसतात.) प्रत्येक पाव मैल आधीच्यापेक्षा जलद! सव्वा मैलाच्या शर्यतीत असं होत नाही. मागून येऊन जिंकणारा घोडा वेग वाढवतोय असं आपल्याला दिसतं, पण बहुतेक वेळा पुढचे जास्त मंदावत असतात आणि हा कमी मंदावतो, एवढंच. सेक्रेटेरियटच्या डर्बीत तो दृष्टिभ्रम नव्हता. एकूण १ मिनिट ५९.४ सेकंद. हा विक्रम अजून मोडलेला नाही. त्यानंतर दोन मिनिटांच्या आत डर्बी जिंकणारा एकच घोडा झाला, २००१ चा मोनार्कोस, १ मिनिट ५९.९७ सेकंद.

आता बेलमाँट. सहा पाव मैल : २३.६, २२.६, २३.६, २४.४, २४.८, २५.०. ही शर्यत तो शेवटपर्यंत वेग वाढवत पळाला असं सर्रास लिहिलं जातं. आकडे तसं म्हणत नाहीत. दुसऱ्या पाव मैलानंतर तो प्रत्येक टप्प्यात थोडा थोडा मंदावला. थोर गोष्ट वेगळीच आहे. पहिला अर्धा मैल ४६.२ सेकंदांत काढणं हा दीड मैलाच्या शर्यतीत शुद्ध वेडेपणा होता. या चालीने सुरुवात करणारा घोडा शेवटच्या पाव मैलात २७-२८ सेकंद घेतो आणि चालत घरी येतो. याने २५ घेतले. सव्वा मैलाच्या खुणेशी घड्याळ १ मिनिट ५९ दाखवत होतं, म्हणजे स्वतःच्याच डर्बी विक्रमाहून ०.४ सेकंद जलद, आणि अजून पाव मैल बाकी होता.

बेलमाँटचा आधीचा विक्रम गॅलंट मॅनचा, १९५७ मधला, २ मिनिटं २६.६. तो २.६ सेकंदांनी मोडला. घोड्याच्या शर्यतीत विक्रम मोडतात ते सेकंदाच्या पाचव्या भागाने, फार तर दोन-तीन भागांनी. त्यानंतर ईझी गोअर (१९८९) आणि ए. पी. इंडी (१९९२) यांनी २ मिनिटं २६ पर्यंत मजल मारली, तरीही दोन पूर्ण सेकंदांचं अंतर राहिलंच. घोडा साधारण ८ फूट लांब आणि शेवटच्या टप्प्यात सेकंदाला ५० फुटांहून थोडा जास्त पळणारा धरला, तर दोन सेकंद म्हणजे बारा-तेरा लेंग्थ. ३१ लेंग्थपेक्षा हे अंतर मला जास्त बोलकं वाटतं, कारण इथे समोर दमलेला शॅम नाही, बेलमाँट जिंकलेले उत्तम घोडे आहेत.

या दोन शर्यतींच्या मधली प्रीकनेस (१९ मे, पिम्लिको, एक मैल आणि दीड फर्लांग) म्हणजे घड्याळाचाच घोटाळा. पहिल्या वळणाआधी सेक्रेटेरियट सर्वांत मागे होता. पुढची चाल संथ आहे हे ओळखून टरकॉटने वळणातच त्याला बाहेरून काढलं आणि वळण संपेपर्यंत तो आघाडीच्या घोड्यांना भिडला. पुस्तकी नियमाने ही चूक. अर्धवर्तुळाच्या वळणात कुंपणापासून एक मीटर बाहेर पळालं की घोड्याला तीन मीटरहून थोडं जास्त अंतर कापावं लागतं, आणि तेही वेग वाढवत. साध्या घोड्याची दमछाक तिथेच होते. हा अडीच लेंग्थनी जिंकला. दुसरा शॅम, तिसरा अवर नेटिव्ह, डर्बीत होता तोच क्रम. पण विजेवर चालणाऱ्या घड्याळाने १ मिनिट ५५ दाखवले, पिम्लिकोच्या, हाताने वेळ मोजणाऱ्या माणसाने १ मिनिट ५४.४ नोंदवले आणि डेली रेसिंग फॉर्म या शर्यतींच्या वर्तमानपत्राच्या दोन नोंदणीकारांनी वेगवेगळं उभं राहून १ मिनिट ५३.४. विक्रम तेव्हा १ मिनिट ५४ चा होता, म्हणजे वाद क्षुल्लक नव्हता. तो ३९ वर्षं चालला. २०१२ मध्ये मेरीलँड रेसिंग कमिशनने जुन्या चित्रफिती तपासून वेळ १ मिनिट ५३ अशी बदलली. तिन्ही शर्यतींचे विक्रम आता एकाच घोड्याच्या नावावर आहेत.

जन्माची हकिकत नाणेफेकीची, आणि ती नेहमी अर्धवट सांगितली जाते. बोल्ड रूलर या वळूचे, म्हणजे पैदाशीच्या घोड्याचे, मालक फिप्स घराणं पैसे घेत नसे, पिल्लं वाटून घेत असे. व्हर्जिनियाच्या मेडो स्टडने दोन हंगाम दोन-दोन घोड्या पाठवायच्या. नाणेफेक जिंकणारा पहिल्या वर्षाच्या शिंगरांतून आधी निवडणार, हरणारा दुसऱ्या वर्षीच्या. पण दुसऱ्या वर्षी दोनपैकी एक घोडी, सिकाडा, गाभण राहिलीच नाही. चारऐवजी तीनच शिंगरं झाली. आता जिंकणाऱ्याला एक मिळणार आणि हरणाऱ्याला दोन, म्हणून १९६९ मध्ये नाणं उडालं तेव्हा दोन्ही पक्षांना हरायचं होतं. ऑग्डेन फिप्स जिंकले आणि त्यांनी समथिंगरॉयल या घोडीची मादी शिंगरू घेतली, जी पुढे एकही शर्यत जिंकली नाही. मेडो स्टडच्या पेनी ट्वीडींच्या वाट्याला समथिंगरॉयलच्या पोटातलं शिंगरू आलं, तोच सेक्रेटेरियट. ते ३० मार्च १९७० ला मध्यरात्रीनंतर काही मिनिटांत जन्मलं. तांबूस रंग, तीन पाय पांढरे, कपाळावर चांदवा.

शरीराबद्दल थोडं. खांद्याशी उंची साडेपाच फुटांच्या आसपास. छाती इतकी खोल की खोगिराचा नेहमीचा तंग पुरत नसे, खास बनवून घ्यावा लागे. दिवसाला १५ क्वार्ट, म्हणजे सुमारे १४ लिटर ओट खाणारा. पूर्ण वेगात एक झेप मोजली गेली ती २४ फूट ११ इंच. अशा खादाड, भरलेल्या घोड्याची एक अडचण असते : हलक्या सरावाने तो तयार होत नाही, उलट अंगाने सुटतो. ट्रेनर ल्युसियन लॉरिन त्याच्याकडून जलद सराव करून घेत, तो याच कारणासाठी. मोतद्दार एडी स्वेट त्याला मुठीत ठेवी.

हे लक्षात घेतलं की त्याच्या हारांचा अर्थ लागतो. २१ शर्यतींत १६ जिंकला, म्हणजे पाचदा पहिल्या नंबरावर त्याचं नाव नव्हतं. पहिलीच शर्यत, ४ जुलै १९७२, ॲक्वेडक्ट : गेटमधून सुटताच दुसऱ्या घोड्याची जोरदार धडक बसली, साडेपाच फर्लांगांत सावरायला जागा नाही, चौथा. शॅम्पेन स्टेक्समध्ये पहिला पोचला, पण वाट अडवल्याबद्दल दुसरा ठरवला गेला. डर्बीच्या दोन आठवडे आधी वुड मेमोरियलमध्ये तिसरा, अँगल लाइट आणि शॅमच्या मागे. वरच्या ओठाच्या आत गळू होतं. पळणारा घोडा लगामाच्या कडीवर रेलून तोल धरतो. तिथे ठणका असेल तर तो मान वर टाकतो आणि जोर लावतच नाही. गळू फुटलं आणि मग डर्बी.

ऑगस्टमध्ये साराटोगाला ओनियनकडून हरला, तेव्हा अंगात ताप होता. सप्टेंबरअखेरची वुडवर्ड मला जास्त शिकवणारी वाटते. ती शर्यत त्याची नव्हतीच, मालकिणीचा दुसरा घोडा रिव्हा रिज तिथे पळणार होता. पाऊस पडला, माती चिखल झाली, रिव्हा रिजला चिखल चालत नसे, म्हणून ऐन वेळी सेक्रेटेरियटला उतरवलं. तो गवतावरच्या शर्यतीसाठी तयार होत होता, दीड मैलासाठी लागणारा कडक सराव झालेला नव्हता. प्रूव्ह आउटने साडेचार लेंग्थनी हरवलं. ओनियन आणि प्रूव्ह आउट दोघांचा ट्रेनर एकच, ॲलन जर्केन्स. त्या दोन शर्यतींच्या मधेच मार्लबरो कपमध्ये सेक्रेटेरियटने नऊ फर्लांग १ मिनिट ४५.४ सेकंदांत काढले होते, तेव्हाचा जागतिक विक्रम.

शेवटच्या दोन्ही शर्यती गवतावर, दोन्ही जिंकल्या. २८ ऑक्टोबरला टोरँटोच्या वुडबाइनवर साडेसहा लेंग्थनी जिंकला तेव्हा टरकॉट निलंबित होता आणि पाठीवर एडी मेपल होता. अजून वर्षभर पळवला असता तर? नाही पळवता आला. डर्बीच्या आधीच तो ३२ भागांत, प्रत्येकी १ लाख ९० हजार डॉलरला, एकूण ६०.८ लाख डॉलरला वीर्यशाळेसाठी विकला गेला होता, आणि तिसऱ्या वर्षाअखेर निवृत्ती ही त्यातली अट होती. पळून मिळवलेलं बक्षीस १३ लाख १६ हजार ८०८ डॉलर. या दोन आकड्यांत त्या धंद्याचं सगळं गणित आलं.

केंटकीच्या क्लेबोर्न फार्मवर त्याच्याकडून दुसरा सेक्रेटेरियट मागितला गेला, तो झाला नाही. रायझन स्टार आणि लेडीज सीक्रेट ही मुलं उत्तम निघाली, पण वंश मुलग्यांकडून पुढे फारसा गेला नाही. गेला तो लेकींकडून. स्टॉर्म कॅट, गॉन वेस्ट आणि वर आलेला ए. पी. इंडी हे तिघेही त्याच्या मुलींचे मुलगे, आणि तिघांनीही पुढे वळू म्हणून अमेरिकन रक्तावर राज्य केलं. मोठ्या हृदयाचा गुण एक्स गुणसूत्रावरून जातो, म्हणून तो बापाकडून लेकींनाच मिळतो, असं यावर एक स्पष्टीकरण दिलं जातं. ऐकायला छान आहे, सिद्ध झालेलं नाही.

१९८९ च्या शरद ऋतूत त्याला लॅमिनायटिस झाला. खुराची बाहेरची भिंत आणि आतलं हाड यांना जोडणारे नाजूक पापुद्रे सुजतात, पकड सुटते, आणि अर्धा टन वजनाखाली हाड खुरातच फिरायला लागतं. घोड्याला आडवं ठेवून पायांना विश्रांती देता येत नाही, म्हणून दुखणं आटोक्यात येणं अवघड. ४ ऑक्टोबरला, १९ व्या वर्षी, त्याला इंजेक्शन देऊन शांत करण्यात आलं. शवविच्छेदन करणारे डॉ. थॉमस स्वेर्चेक यांना हृदय नेहमीच्या जवळजवळ दुप्पट मोठं दिसलं, आकार सोडला तर कसलाही दोष नसलेलं. त्यांनी ते तोललं नाही. पुढे शॅमचं हृदय त्यांनीच तोललं, ते १८ पौंड भरलं, आणि त्यावरून सेक्रेटेरियटचं २२ पौंड असावं असा अंदाज त्यांनी सांगितला. साध्या थरोब्रेडचं, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याचं, साडेआठच्या आसपास असतं. २२ हा आकडा आज सगळीकडे मोजमाप म्हणून छापला जातो, तो अंदाज आहे. थोर घोड्यांचं फक्त डोकं, हृदय आणि खूर पुरायची तिकडे रीत आहे. सेक्रेटेरियटला क्लेबोर्नमध्ये अख्खा पुरला.