छापखान्यातल्या संगणकाचे ऑनबोर्ड ग्राफिक्स

तुळशीचे लग्न लागले की आमच्या सातारा जिल्ह्यातल्या लहान छापखान्यांना लग्नपत्रिकांमुळे उसंत नसते. अशाच दिवसांत कराडजवळच्या एका छापखान्याच्या मालकांचा मला फोन आला, "मॉनिटर गेलाय बघा, येताना दुसरा घेऊनच या." मी दुसरा मॉनिटर आणि दुसरी केबल घेऊन गेलो, पण त्या लावल्यावरही बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ प्रोग्रामच्या, पहिल्या अक्षरांपासूनच पडद्यावर उभ्या रंगीत रेघा दिसत होत्या आणि विंडोजचे चिन्ह उमटता उमटता सिग्नल बंद होत होता. बिघाड विंडोज सुरू होण्याआधीच दिसत असल्यामुळे ड्रायव्हरला, म्हणजे विंडोजमध्ये ग्राफिक्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, दोष देण्यात अर्थ नव्हता. अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंनी सांगितले की काही दिवसांपासून दुपारनंतर अक्षरांभोवती ठिपके येत असत आणि मशीन थोडा वेळ बंद ठेवले की ते नाहीसे होत. कोणताही भाग तापण्यामुळे बिघडत असेल, तर तो नेमका असाच वागतो.

संगणक एलजीए ७७५ या प्रोसेसरच्या जुन्या सॉकेटच्या पिढीतला होता. प्रोसेसरच्याच चिपमध्ये ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग, देण्याची पद्धत २०११च्या सुमारास रुळली. त्याआधीच्या अशा मदरबोर्डांवर ते नॉर्थब्रिज नावाच्या चिपमध्ये असे आणि त्याला लागणारी मेमरी मुख्य रॅममधूनच घेतली जाई. त्यामुळे खराब रॅममुळेही अशा रेघा येऊ शकतात. म्हणून मी रॅमच्या पट्टीचे संपर्कबिंदू खोडरबराने साफ केले, पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहिली आणि शेवटी माझ्याजवळची पट्टी लावली. रेघा जागच्या हलल्या नाहीत. नॉर्थब्रिजवरच्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये मात्र कागदाच्या बारीक तंतूंचा जाड थर बसलेला होता आणि चिपची उष्णता त्याच्याकडे नेणारी खालची थर्मल पेस्ट वाळून तिचा भुगा झाला होता. ती साफ करून नवी लावली तरी फरक पडला नाही.

मालकांनी तोवर मशीन संपल्याचे मनाशी धरले होते. त्यांची काळजी समजण्यासारखी होती, कारण त्यांचे मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर जुन्या पॅरलल पोर्टला (पूर्वी प्रिंटर जोडायच्या जागेला) लावायच्या लॉकवर, म्हणजे परवाना तपासणाऱ्या छोट्या उपकरणावर, चालत होते. तो पोर्ट आजच्या मदरबोर्डांवर सहसा मिळत नाही आणि यूएसबीला जोडायचे अडॅप्टर बहुधा फक्त प्रिंटरच ओळखतात, असले लॉक ओळखत नाहीत. शिवाय कित्येक वर्षांची कामे पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडपूर्व (आजच्या प्रमाणित पद्धतीआधीच्या) फाँटमध्ये साठवलेली होती. त्यामुळे काळ्या पडद्यामागे मशीन चालते आहे की नाही, हे आधी सिद्ध करणे मला आवश्यक वाटले. स्पीकर लावला तर विंडोज सुरू झाल्याचा सूर स्पष्ट ऐकू आला आणि नमलॉकचे बटण दाबले की त्याचा दिवा लागत-विझत होता. छपाई पाहणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवरून नेटवर्कमधले या मशीनचे शेअर केलेले फोल्डर उघडले, तर त्या हंगामातल्या सगळ्या पत्रिका समोर आल्या. मालक खुर्ची ओढून शेजारी बसले आणि एकेक नाव वाचू लागले. पडदा पूर्ण काळा असतानाच मी ती सगळी कामे बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घेतली आणि मगच पुढच्या दुरुस्तीचा विचार केला.

हीटगनने नॉर्थब्रिज तापवून बघा, असे एका ओळखीच्या तंत्रज्ञाने फोनवर सुचवले. चिपखालच्या सोल्डरच्या गोळ्यांना तडे गेले असतील, तर त्याने काही दिवस चित्र परत येतेही. परंतु या पिढीत रॅमचे नियंत्रणही त्याच चिपकडे असते, म्हणजे उष्णता थोडी जास्त झाली तर आज चालणारा मदरबोर्ड कायमचा जायचा. दुसऱ्याच्या पोटापाण्याच्या मशीनवर असा जुगार खेळू नये, असे माझे ठाम मत आहे. बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसचा एक्स-१६ स्लॉट रिकामाच होता. तेव्हा त्यात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लावणे हाच शहाणपणाचा मार्ग होता.

कार्ड पुण्याहून मागवले आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी हाती आले. मी मुद्दाम एनव्हिडियाचे जीटी ७१० निवडले. ते जेमतेम १९ वॅट वीज घेते आणि स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत मिळू शकते, त्यामुळे जुन्या एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) ताण येत नाही. त्याला मॉनिटरसाठी निळा व्हीजीए पोर्ट होता, आणि मी घेतलेल्या प्रकाराला पंखा नव्हता, फक्त हीटसिंक होते. कागदाचे तंतू उडणाऱ्या खोलीत पंखा हाच सर्वांत आधी अडकणारा भाग असतो.

कार्ड बसवून मॉनिटर त्याला जोडला, तरी पडदा काळाच राहिला. सुरुवातीचा एकच छोटा बीप येत होता, म्हणजे बायोसची काही तक्रार नव्हती. पूर्वी कोणीतरी पहिला डिस्प्ले 'ऑनबोर्ड' असा पक्का करून ठेवलेला असणार. ते बदलण्यासाठी बायोस नीट दिसायला हवे आणि दिसण्यासाठी ते बदलायला हवे, असा पेच होता. वीजपुरवठ्याची केबल काढून, सीआर२०३२ सेल बाहेर घेऊन आणि 'क्लिअर सीमॉस'चा जंपर (बायोसच्या सेटिंग साठवणारी मेमरी पुसायची पिनांची जोडणी) फिरवून सगळ्या सेटिंग मूळपदावर आणल्या, आणि पडद्यावर स्वच्छ पांढरी अक्षरे उमटली. विंडोज ७ बत्तीस बिटचे असल्यामुळे ड्रायव्हर ३९० मालिकेतला घ्यावा लागला, कारण त्यानंतर एनव्हिडियाने बत्तीस बिटसाठी ड्रायव्हर काढणे थांबवले.

ताईंनी सॉफ्टवेअर उघडले, तर "लॉक सापडत नाही" असा संदेश आला. मालकांचा चेहरा पुन्हा उतरला. सीमॉस पुसल्यामुळे तारखेबरोबर पॅरलल पोर्टची पद्धतही मूळपदावर गेली होती, आणि पूर्वी ती काय होती हे पडद्यावरच्या रेघांमुळे आधी पाहून ठेवणे शक्य नव्हते. तारीख दुरुस्त केली आणि एसपीपी, ईपीपी, ईसीपी असे पर्याय एकेक करून लावून पाहिले. ईपीपीवर लॉकने ओळख दिली आणि अर्धवट राहिलेली पत्रिका तिच्या मूळ फाँटमध्ये उघडली. ताईंनी लगेच मुहूर्ताची वेळ तपासायला घेतली.

निघण्यापूर्वी मी मालकांना स्पष्ट सांगितले की नॉर्थब्रिजचा ग्राफिक्सचा भाग गेला आहे. रॅम सांभाळणारा भाग चालू असला तरी चिप तीच आहे, म्हणून या मदरबोर्डची खात्री मी देणार नाही. दर संध्याकाळी कामे बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवायची आणि हंगाम संपताच सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याकडे यूएसबी लॉक बदलून मिळेल का याची चौकशी करायची, असे आमचे ठरले. बायोसच्या चालू सेटिंग एका कागदावर लिहून तो मी कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला.