ऑनलाइन नोटबुकमध्ये वेबपेज बघायचंय? माझा अनुभव

सगळे सांगतात सर्व्हर सुरू करा, लोकलहोस्ट ८००० उघडा, झालं. ज्यांच्या स्वतःच्या मशीनवर पायथन आहे त्यांचं झालं. जो ब्राउझरमधल्या नोटबुकवर काम करतो त्याने काय करायचं हे शिकवणारे लोक एका ओळीत सुद्धा सांगत नाहीत, आणि त्याचा राग मला अजून येतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

काम तसं साधं होतं. आतेभावाचं असोद्याला भरीत सेंटर आहे, थंडी पडली की जळगाव-भुसावळकडून ऑर्डरी सुरू होतात, भरीत, कळण्याच्या पुऱ्या, सोबत कांद्याची पात, आणि दादा दिवसभर फोनवर तेच तेच भाव सांगत बसतो. त्याला मोबाईलवर उघडेल असं एक पान हवं होतं, भाव, फोटो आणि ऑर्डरचा फॉर्म एवढंच. माझा लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये काही इन्स्टॉल करू देत नाहीत. म्हणून गूगलचं कोलॅब घेतलं, म्हणजे ब्राउझरमध्येच कोड लिहून चालवायची ऑनलाइन नोटबुक, त्यात पायथन आधीच तयार असतं.

पान लिहिणं पटकन झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सेलच्या, म्हणजे कोड लिहायच्या चौकटीच्या, पहिल्या ओळीत टक्क्याची दोन चिन्हं आणि त्यांना चिकटून एचटीएमएल हा शब्द लिहायचा, त्याखाली पानाचा कोड, की सेलखाली पान दिसतं, रंग बरोबर, बटणं बरोबर. फक्त फोटोच्या जागी तुटकं चित्र. फोटोची फाइल डावीकडच्या फोल्डरमध्ये डोळ्यासमोर दिसत होती तरी. कारण असं की सेलचं आउटपुट एका वेगळ्या फ्रेममध्ये वेगळ्या पत्त्यावर उघडतं, आणि तिथून "फोटो डॉट जेपीजी" एवढं म्हटल्यावर तुमचं फोल्डर सापडत नाही. फोटो बेस६४ करून, म्हणजे अक्षरांच्या मजकुरात बदलून, पानातच चिकटवता येतो, एखाद्या लोगोला ते चालतं, पण वांग्यांचे, चुलीचे, बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचलेल्या भरिताचे एवढे फोटो म्हणजे फाइल नुसती फुगत जाते. मग सर्व्हर, म्हणजे मागितलेल्या फाइली ब्राउझरला देणारा प्रोग्राम, लावणं आलं.

आणि इथेच मी अडकलो, चांगला अडकलो.

पायथनचा साधा एचटीटीपी सर्व्हर ८००० या पोर्टवर (मशीनच्या त्या नंबरच्या दारावर) लावला तर सेल फिरतच राहतो, संपतच नाही, आणि पुढचा सेल चालत नाही. ते बरोबरच आहे, सर्व्हर थांबेपर्यंत सेल संपणार कसा. म्हणून तो पायथनच्या सबप्रोसेसमधल्या पी-ओपनने (Popen) मागे चालत सोडायचा. तेवढं केलं, शेजारच्या टॅबमध्ये लोकलहोस्ट ८००० टाकलं, तर कनेक्शन नाकारलं. पोर्ट बदलला, तेच. मित्राला फोन केला तर तो म्हणे, "भो, फायरवॉल असेल." कशाची फायरवॉल! मग नोटबुकमध्येच कर्लने, म्हणजे पत्ता दिला की पान मागवणाऱ्या कमांडने, लोकलहोस्ट ८००० मागवून बघितलं, तर अख्खं पान मजकुरात समोर आलं, दादाच्या भरिताच्या भावासकट. म्हणजे त्याच पत्त्यावर सेलमधून पान मिळतंय आणि टॅबमधून मिळत नाही.

मग उलगडलं. सेलमधला कोड माझ्या लॅपटॉपवर चालतच नाही, तो दूर कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या मशीनवर चालतो. लोकलहोस्ट म्हणजे ज्या मशीनवरून विचारताय ते मशीन. सेलने विचारलं तर तिकडचं, टॅबने विचारलं तर भुसावळमधला माझा लॅपटॉप, आणि त्यावर कुठला सर्व्हर असणार. हे वाक्य शिकवण्यांमध्ये पहिल्या मिनिटाला यायला हवं, कारण नवीन मुलांपैकी बरीच जण मोबाईलवर किंवा लॅबच्या मशीनवर असंच शिकतात, त्यांना स्वतःचं मशीन कुठून असणार.

उपाय कोलॅबमध्येच आहे. गूगल डॉट कोलॅबमधून आउटपुट इंपोर्ट करायचं आणि त्यातलं सर्व्ह कर्नल पोर्ट ॲज आयफ्रेम, सगळे शब्द अंडरस्कोअरने जोडून, त्याला ८००० द्यायचा. तिकडचं पोर्ट इकडे सेलखाली आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या चौकटीत, उघडतं. शेवटी आयफ्रेमऐवजी विंडो लिहिलं तर नव्या टॅबची लिंक मिळते, पण ब्राउझरच्या सुरक्षेतल्या बदलांमुळे हे पुढे चालणार नाही कदाचित, अशी सूचना तिथेच येते, म्हणून मी आयफ्रेमच वापरतो. चौकट बुटकी वाटली तर उंची देता येते.

घरी फोटोसकट पान उघडलं तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येत नाही. लॅबमध्ये मात्र तोच नोटबुक, तेच सेल, आणि खाली पांढरा चौकोन. तिथल्या ब्राउझरमध्ये थर्ड पार्टी कुकीज बंद होत्या. आउटपुटची फ्रेम वेगळ्या पत्त्यावरची, त्यामुळे ब्राउझर तिला परकी समजतो, कुकी देत नाही आणि पान अडतं. त्या साइटपुरत्या कुकीज चालू केल्या की झालं. पांढरा चौकोन दिसला की कोड उकरत बसू नका, आधी हे बघा.

दुसऱ्याची वेबसाइट अशी चौकटीत उघडायला गेलात आणि ती कोरी राहिली तर तो वेगळा विषय, बऱ्याच साइट स्वतःच फ्रेममध्ये उघडायला मनाई करतात, तिथे तुमच्या हातात काही नाही.

आणि एक राहिलंच, मराठीवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. थेट सेलमध्ये मराठी नीट दिसते, पण सर्व्हरवरून उघडलं की "जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन" या ओळीच्या जागी नुसती टोपीवाली इंग्रजी अक्षरं. हा सर्व्हर कॅरॅक्टर सेट सांगत नाही, ब्राउझर अंदाजाने काहीतरी धरतो. हेडमध्ये मेटा कॅरसेट यूटीएफ-८ लिहायचंच, सगळ्यात वर.

सीएसएस बदलून जुनंच दिसत असेल तर फाइलच्या नावापुढे प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा लावा, ब्राउझर नवीन प्रत आणतो. "ॲड्रेस ऑलरेडी इन यूज" आलं तर आधीचा सर्व्हर मागे चालूच आहे, तो बंद करा नाहीतर ८००१ घ्या.

दादा लगेच म्हणाला लिंक पाठव, गिऱ्हाइकांना टाकतो. ही लिंक फक्त तुमच्या लॉगिनला आणि नोटबुक चालू असेपर्यंतच चालते, दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडत नाही. त्यासाठी फाइली गिटहब पेजेसवर टाकल्या, तिथे स्थिर पान फुकट राहतं. फॉर्मचं बटण दाबलं की ऑर्डर व्हॉट्सॲपवर जाते. रनटाइम, म्हणजे तिकडचं मशीन, बंद पडला की नोटबुकच्या फोल्डरमधलं सगळं पुसलं जातं, तेव्हा फोटो आधी ड्राइव्हवर ठेवा.